कऱ्हाकाठच्या गढ्या

डोंगरावरचा किल्ला सोडून सत्ता नदीकाठी राहायला कधी आणि कशी उतरली, हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर सासवडला जावं. पुण्याहून दिवे घाट चढला की पलीकडे कऱ्हा नदीचं खोरं लागतं. मी कर्वेनगरातून निघतो तेव्हा कात्रज-कोंढव्यावरून बोपदेव घाटाची वाट धरतो. घाटमाथ्यावर गाडी थांबवली आणि हवा स्वच्छ असली की दक्षिणेला पुरंदर आणि वज्रगड दिसतात आणि मधल्या सपाटीत सासवड. अडीचशे-तीनशे वर्षांचा मराठ्यांचा इतिहास एवढ्याशा टापूत मावलेला आहे.

माझं काम जुन्या वाड्यांची मोजणी करून नकाशे काढायचं. कुठे दुरुस्ती असते, कुठे वाटणीचा दावा, आणि अनेकदा पाडण्याआधीची शेवटची नोंद. आमचं कर्वेनगर म्हणजे मूळचं हिंगणे बुद्रुक. १९०० साली अण्णासाहेब कर्व्यांनी इथल्या माळावर झोपडी बांधून अनाथ बालिकाश्रम आणला, तेव्हा हे पुण्याबाहेरचं लहानसं खेडं होतं. आता इथे जुनी भिंत शोधावी लागते. गल्लीगल्लीत सहल कंपन्यांच्या पाट्या आहेत आणि सोसायटीतली मंडळी युरोप बघून येतात. परवा शेजारच्या वहिनींनी फ्रान्समधल्या लुआर नदीकाठच्या राजवाड्यांचे फोटो दाखवले. फोटो सुंदरच होते. ते बघताना मला सारखी कऱ्हा आठवत होती, आणि हा लेख त्यामुळेच लिहितो आहे.

लुआरच्या खोऱ्यात आधी लढाईचे किल्ले होते. १४२९ मध्ये जोन ऑफ आर्क राजाला भेटली तो शिनोंचा किल्ला तसाच. इंग्रजांशी चाललेलं शंभर वर्षांचं युद्ध १४५३ मध्ये संपलं, पुढे फ्रेंच राजे इटलीत मोहिमेवर गेले, तिथले कारागीर घेऊन आले आणि नदीकाठी राहण्यासाठी राजवाडे उठू लागले. शांबोरचं काम १५१९ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी लिओनार्दो दा विंची त्याच खोऱ्यात आंब्वाझ गावी वारला. शांबोरलाही बुरूज आहेत, खंदकाचा थाट आहे, पण ते सगळं दिमाखासाठी. वेढा पडेल ही भीती त्या भिंतींत उरलेली नाही.

कऱ्हेकाठी हाच बदल दोनशे वर्षांनंतर झाला. फरक एवढाच की आपल्याकडे ती भीती भिंतींतून कधीच पूर्णपणे गेली नाही. मला या खोऱ्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

सतराव्या शतकात इथली सत्ता पुरंदरावर होती. १६५७ मध्ये संभाजीराजांचा जन्म गडावर झाला. १६६५ मध्ये मुरारबाजी देशपांडे इथे पडले आणि तेवीस किल्ले देण्याचा तह झाला. खाली सासवड होतं ते देवाचं आणि बाजाराचं गाव. कऱ्हा आणि चांबळीच्या संगमावर संगमेश्वर, थोडं पुढे चांगवटेश्वर आणि गावात सोपानदेवांची समाधी. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्काम करते तो याच जुन्या वाटेने. गाव तेव्हा गडाच्या सावलीत राहत होतं.

अठरावं शतक उजाडलं आणि हे उलटलं. सासवडचे अंबाजीपंत पुरंदरे हे बाळाजी विश्वनाथांचे जिवाभावाचे सोबती. १७१३ मध्ये बाळाजीपंतांना पेशवाईची वस्त्रं मिळाली आणि त्यांच्याबरोबर पुरंदऱ्यांचंही नशीब फळफळलं. लेखणीचा धंदा करणारं घराणं दौलतीच्या कारभारात शिरलं. १७१९ मध्ये बाळाजीपंत दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले आणि पुढच्याच वर्षी सासवडला त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी तिथेच आहे. पेशवाई पुण्यात वाढली खरी, पण तिचा पाळणा सासवडला हलला. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० ची, म्हणजे त्यानंतर दहा वर्षांची.

पुरंदऱ्यांचा मोठा वाडा नदीकडून पाहावा. उंच दगडी तट, भक्कम बुरूज आणि मधोमध दरवाजा. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा ज्याने पाहिला आहे त्याला ओळख पटायला वेळ लागत नाही. सासवडकर तर सांगतात की शनिवारवाडा आमच्या वाड्यावरून बेतला. दगडकामाची ठेवण एकाच हाताची वाटते एवढं मी नक्की म्हणेन. खाली घडीव काळा दगड, त्यावर विटांचं काम, बंदुकीसाठी तटाला जंग्या, आणि मोठ्या दरवाजात एका माणसापुरती दिंडी. दिंडीतून वाकूनच आत जावं लागतं, त्यामुळे येणाऱ्याची मान पहिल्यांदा आतल्या पहारेकऱ्याच्या हाती सापडते. अशा घरांत आत गेलं की सगळं बदलतं. चौक, सोपा, ओसरी, माजघर, आड, तुळशीवृंदावन, सुरूच्या घाटाचे सागवानी खांब. बाहेरून लढाई आणि आतून संसार. गढीचा नकाशा काढताना मी बाहेरची रेघ जाड काढतो आणि आतल्या बारीक, आणि त्या दोन रेघांमधलं अंतर बघून मालकाच्या मनात किती धाकधूक होती ते कळत जातं.

दिव्याजवळ जाधववाडीला पिलाजी जाधवरावांची गढी आहे, १७१० ची म्हणून ओळखली जाते. पिलाजीराव लेखणीचे नव्हेत, घोड्यावरचे. पहिल्या बाजीरावांच्या मोहिमांत वावरलेला जाणता सरदार. त्यांच्या गढीत आता हॉटेल आहे. त्यावर नाकं मुरडणारे मला भेटतात. मी मुरडत नाही. छपराची देखभाल होते, दगडांच्या सांध्यात पिंपळ रुजू दिला जात नाही, आणि ज्याला एरवी गढी कधी दिसली नसती असा माणूस तिथे रात्र काढतो. लुआरकाठचे कितीतरी राजवाडे असेच तगले आहेत.

तिसरी जागा सोनोरी, आणि माझ्या मते या खोऱ्यातली सर्वांत बोलकी. इथे पानसे राहत. पेशव्यांचा तोफखाना त्यांच्याकडे. गावात त्यांची बुरूजबंद गढी आहे आणि मुरलीधराची काळ्या पाषाणाची मूर्ती, जी पाहण्यासाठी सोनोरीला मुद्दाम जावं. खाली गावात ऐसपैस घर असलेल्या या माणसांनी १७५७ ते १७६० च्या दरम्यान गावामागच्या डोंगरावर मल्हारगड बांधला. महाराष्ट्रात सर्वांत शेवटी बांधलेला किल्ला अशी त्याची ओळख आहे. गड लहान आहे, तासाभरात फिरून होतो. आत खंडोबाचं आणि महादेवाचं अशी दोन देवळं शेजारी शेजारी आहेत. तटावरून दिवे घाटाची वाट नजरेत राहते. तेव्हा मराठी फौजा उत्तरेत दूरवर पोचल्या होत्या, पुण्यावर कोणी चालून येईल असं वाटण्याचे ते दिवस नव्हते. तरी ज्यांना तोफ काय करते ते ठाऊक होतं, त्यांनी डोंगर सोडला नाही.

त्यांची शंका खोटी नव्हती. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यातच खून झाला. तट होता, दरवाजे होते, पहारा होता, आणि मारेकरी पहाऱ्यातलेच निघाले. मागे राहिलेल्या त्यांच्या गरोदर पत्नीला, गंगाबाईंना, कारभाऱ्यांनी कुठे ठेवलं? पुरंदरावर. बारभाई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कारभाऱ्यांत नाना फडणीसांबरोबर सखारामबापू बोकील होते, तेही इथलेच, हिवरे गावचे. १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव गडावर जन्मले. वाड्यात राहायला उतरलेली सत्ता जिवावर बेतताच पुन्हा डोंगर चढली. शांबोरच्या कहाणीत असा परतीचा रस्ता नाही.

१८१८ नंतर मात्र चढायला डोंगर उरला नाही. किल्ले इंग्रजांकडे गेले, गढ्या मालकांकडे राहिल्या, पण त्यांच्यामागचा पैसा आटला. पुढे इनामं गेली, कूळकायदा आला, वाटण्या झाल्या. एकेका चौकाला चार मालक झाले की छपराचं कौल कोणी बदलत नाही. पाणी आधी भिंतीच्या डोक्यात शिरतं, मग तुळईचं टोक कुजतं, मग मजला बसतो. मी हे इतक्या घरांत पाहिलं आहे की पावसाळ्याआधी अशा घरातून फोन आला की पोटात गोळा येतो. सागवान विकून गेलं आणि दगड पायाला वापरला, अशा गढीची फक्त बाहेरची जाड रेघ उरते.

कऱ्हेबद्दलही सांगायला हवं. आचार्य अत्रे याच खोऱ्यातले, कोडीतला जन्मलेले. आत्मचरित्राला त्यांनी ‘कऱ्हेचे पाणी’ हे नाव दिलं. उन्हाळ्यात त्या पात्रात पाणी शोधावं लागतं. पुरंदर हा पर्जन्यछायेतला तालुका, अंजीर आणि सीताफळाचा. म्हणून तर जुन्या माणसांनी बांधकामाइतकाच जीव पाण्यात घातला. जेजुरीचे तलाव पाहा, पेशव्यांचा आणि होळकरांचा. सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हेवर स्नानाला येते, तेव्हा नदीला तिचा मान मिळतो.

जाणाऱ्यांनी एका दिवसात सगळं उरकू नये. पहिल्या दिवशी सकाळी मल्हारगड, उन्हं चढायच्या आत उतरून सोनोरीचा मुरलीधर, दुपारनंतर सासवडचा वाडा, आणि संध्याकाळी संगमेश्वराचा घाट. दुसरा दिवस पुरंदरासाठी. तिथे लष्कराचा पहारा असतो, ओळखपत्र जवळ ठेवावं आणि वेळेत उतरावं. मग जेजुरी आणि मोरगाव करत नदीबरोबर खाली जावं. बारामतीपुढे सोनगावला कऱ्हा नीरेला मिळते. वाड्यांत माणसं राहतात, म्हणून दिंडीशी थांबून आधी विचारावं. मी मोजपट्टी घेऊन जातो तेव्हाही विचारूनच आत जातो, आणि आजवर मला कोणी परत पाठवलेलं नाही.