डोंगराआडची घंटा

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या अगदी कडेवर, आहुपे हे गाव आहे. याच परिसरातून घोड नदी पूर्वेकडे वाहू लागते, आणि आहुपे घाटाची पायवाट पश्चिमेस कोकणात उतरते. कड्यावर उभे राहून पाहावे. खाली उतरणारा वाटसरू वळणाआड गेला की दिसेनासा होतो, परंतु त्याची हाळी मात्र ऐकू येत राहते. यात नवल ते काय, असे आपण म्हणाल. पण याच अनुभवापाशी न्यूटनसारखा महापंडित अडला होता. तो वाद पुढे कसा सुटला हे मला आज सांगावयाचे आहे. त्या इतिहासातील दोन दुवे आपल्याच मुलखात आहेत, आणि त्यांतील एकाशी आपला आजचा एक तंटाही जोडलेला आहे.

विहिरीत खडा टाकला की वर्तुळे काठापर्यंत येतात. पाण्यावर वाळके पान पडलेले असेल तर ते जागच्या जागी वरखाली होते. काठाकडे येत नाही. म्हणजे पाणी येत नाही, पाण्याचे हेलकावणे येते. लहर म्हणतात ती हीच. ध्वनीही असाच हवेतून सेकंदास सुमारे 340 मीटर वेगाने चालतो. प्रकाशही अशीच लहर असावी, असे मत हॉलंडच्या हायगेन्सने 1690 साली आपल्या ग्रंथात मांडले. न्यूटनला ते पटले नाही. त्याचा आक्षेप आपल्या ‘ऑप्टिक्स’ ग्रंथाच्या पुढील आवृत्त्यांत त्याने घातला. घंटा किंवा तोफ डोंगराआड असली तरी ऐकू येते. प्रकाश लहर असता, तर तोही डोंगराला वळसा घालून आला असता. तो तसा येत नाही, काटेकोर सावली पाडतो. तेव्हा प्रकाश लहर नव्हे, कणांचा मारा असला पाहिजे. हा युक्तिवाद मोठा बिनतोड वाटला, आणि जवळजवळ शंभर वर्षे लहरींचा पक्ष मागे पडला.

चूक कोठे होती? अडथळा मोठा की लहान, हे लहरीच्या लांबीशी ताडून ठरवावयाचे असते. माणसाच्या हाळीची लहर मीटर-दोन मीटर लांब असते. प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याएवढी. लांब लहर कोपऱ्यावरून सहज वळते, आखूड लहरीचे वळणे डोळ्याला जाणवतही नाही. म्हणून दूरच्या ढोलाचा घुमार टेकडीआडून येतो आणि सनईचा बारीक सूर अर्ध्यावर हरवतो. (डोंगरात प्रतिध्वनीचाही हातभार असतो, हे खरेच, पण तो स्वतंत्र विषय.) लंडनच्या टॉमस यंगने 1801 मध्ये दाखविले की दोन प्रकाशलहरी एकत्र आल्या असता शिखरास शिखर मिळाले तर उजेड वाढतो, आणि शिखरास खळगा मिळाला तर उजेडात उजेड मिसळून काळोख होतो! कणांच्या माऱ्यात असे होणार नाही. पुढे फ्रान्समध्ये फ्रेनेलने याचे गणित बसविले. प्वासाँने त्याची टर उडविली: तुझे म्हणणे खरे असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या ऐन मध्यावर उजेडाचा ठिपका पडला पाहिजे. अरागोने प्रयोग करून पाहिला, आणि ठिपका निघाला!

आता आपल्या डोंगरात येऊ. आहुप्याच्या उत्तरेस, याच घाटमाथ्याच्या रांगेत, हरिश्चंद्रगड आहे. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी कर्नल विल्यम साइक्स याने या मुलखात हिंडून हवामानाची टिपणे केली. ती लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथात 1835 साली प्रसिद्ध झाली. गडाच्या वायव्येकडील कड्यापाशी कोकणातले धुके वर चढून आले होते, पाठीशी खाली आलेला सूर्य होता, आणि समोर धुक्यावर रंगांचे पूर्ण वर्तुळ उमटले. त्याच्या मध्यभागी साइक्सची, त्याच्या घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली पडली होती. त्या सावल्या आपल्याच आहेत हे माणसांना खरे वाटेना. हातपाय हलवून त्यांनी खात्री करून घेतली, असे तो लिहितो. साइक्सने हे 1835 साली पाहिले असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते साल छपाईचे. तो तर 1831 मध्येच विलायतेस परतला होता.

साइक्सने त्याला वर्तुळाकार इंद्रधनुष्य म्हटले. आपल्याकडे त्याला इंद्रवज्र म्हणतात, आणि माझ्या मते तेच बरोबर. पावसाचा थेंब मिलिमीटरभराचा, म्हणजे प्रकाशलहरीच्या हजारो पट. त्यात किरण सरळ रेषेने शिरतो, वळतो, परततो, आणि धनुष्य उमटते. धुक्याचा थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणजे लहरीच्या वीसएक पटच. इतक्या बारीक थेंबांनी धनुष्य झालेच तर ते पांढुरके होते. पण त्याच थेंबाच्या कडेकडेने फिरून मागे परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि पाहणाऱ्याच्या सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वलये उठवितात. लाल लहर लांब, म्हणून तिचे वलय बाहेरचे. आहुप्याच्या हाळीने जो प्रश्न घातला त्याचे उत्तर हे असे हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर लिहिलेले होते: अडथळा पुरेसा बारीक असला की प्रकाशही वळतो. याचे पुरे गणित जर्मनीच्या गुस्ताफ मी याने मांडले ते 1908 साली. त्याआधी, 1894 मध्ये, स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावर सी. टी. आर. विल्सनने अशीच वलये पाहिली. ती प्रयोगशाळेत उमटवावीत म्हणून तो कृत्रिम ढग करू लागला, आणि त्यातून अणूच्या कणांचे माग दाखविणारी ढगपेटी निघाली. तिने त्याला 1927 चे नोबेल पारितोषिक मिळवून दिले.

दुसरा दुवा कड्याच्या पूर्वेस, जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ खोडद येथे आहे. हर्ट्झने 1887-88 मध्ये विजेच्या ठिणगीतून अदृश्य लहरी निर्माण केल्या; त्या प्रकाशाच्याच जातीच्या, फक्त लांबीने प्रचंड. अशा लहरी आकाशातूनही येतात. त्या टिपण्यासाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे गोविंद स्वरूप (1929–2020) यांनी 1965 मध्ये कल्याणला 32 लहान तबकड्या मांडल्या, 1970 मध्ये उटकमंडला मोठी दुर्बीण उभारली, आणि 1990 च्या दशकात खोडदला प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही. एक-दोन सेंटिमीटर छिद्रांची तारेची जाळी आहे. वारा तिच्यातून निघून जातो, पण मीटरभर लांबीच्या लहरीला ती अखंड आरसाच वाटते. तीच गोष्ट पुन्हा: भोक मोठे की लहान, हे लहरीला विचारावे. तबकड्या पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत, आणि त्यांनी टिपलेल्या लहरी यंगच्याच रीतीने एकमेकींशी ताडल्या जातात. 2023 मध्ये गुरुत्वलहरींचा जो नवा पुरावा जगातील अनेक वेधशाळांनी मांडला, त्यात खोडदच्या वेधांचा वाटा होता.

ही जागा निवडली ती येथे मानवनिर्मित रेडिओगोंगाट कमी म्हणून. डोंगराची भिंत अशा गोंगाटाला आडवते. परंतु पुरते नाही. न्यूटनची घंटा येथे उलट बाजूने वाजते. मीटरभराची लहर थोडी वळून येतेच, आणि आकाशातील क्षीण लहरींपुढे ती थोडीही फार होते. पुणे–नाशिक जलद रेल्वेमार्ग या भागातून नेण्याच्या योजनेला वेधशाळेने हरकत घेतली आणि मार्ग दुसरीकडून नेण्याचे ठरले, तेव्हा जुन्नर-आंबेगावात नाराजी पसरली. ती मी हसण्यावारी नेणार नाही. भाजीपाला पिकविणाऱ्या मुलखाला रेल्वे हवी, यात गैर काय? पण विजेच्या गाडीच्या तारेवर ठिणगी उडते, आणि ती ठिणगी हर्ट्झच्याच ठिणगीची बहीण आहे. हर्ट्झला ती काही मीटरांवर दिसावी म्हणून खोलीत अंधार करावा लागे. खोडदच्या तबकड्यांना ती किती अंतरावरून ऐकू येईल, मधला कोणता डोंगर ती किती अडवील, हे नकाशा पुढे ठेवून मोजता येते. ते आकडे मराठीत, नारायणगावच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसाला समजतील असे, कोणीतरी मांडावयास हवेत.