हलत्या भिंतींच्या पेटीची कुळकथा

शुद्ध झिर्कोनियाचा तुकडा भट्टीतून काढून निवू दिला की हजार अंश सेल्सियसच्या खाली त्याचे स्फटिक आपली घडण बदलतात आणि चार-पाच टक्क्यांनी फुगतात. सिरॅमिक वाकत नाही, त्यामुळे तडे जातात. हे संगणकात पाहायचे तर नुसते अणू हलवून भागत नाही. अणू ज्या पेटीत मांडले, ती पेटीही फुगायला हवी, प्रसंगी तिरकी व्हायला हवी. अशी पेटी मिळायला बराच काळ गेला.

या घराण्याचा मूळपुरुष मी अनीसुर रहमान यांना मानतो. जन्म १९२७ चा, हैदराबादचा. कडक गोट्यांसारखे अणू आदळवून पाहण्याचे काम ऑल्डर आणि वेनराइट यांनी १९५७ मध्येच केले होते. पण द्रवातले अणू खऱ्या ओढीने आणि रेट्याने हलवले ते रहमान यांनी, १९६४ मध्ये, शिकागोजवळच्या अर्गोन नॅशनल लॅबोरेटरीत. द्रवरूप आर्गॉनचे ८६४ अणू, पेटीची बाजू साडेतीन नॅनोमीटर. प्रत्येक अणूवर बाकीच्यांचा जोर किती हे काढायचे, न्यूटनच्या नियमाने त्याला किंचित सरकवायचे, पुन्हा जोर काढायचा. एका पावलात सेकंदाच्या शंभर लाख कोटीव्या भागाएवढाच काळ सरायचा. उजव्या भिंतीतून बाहेर पडलेला अणू डावीकडून आत यायचा.

यात उष्णता आपोआप आली, कारण तापमान म्हणजे अणूंच्या वेगाचाच हिशेब. दाब मात्र अडला. पेटीची मापे ठरलेली होती, ती बदलत नव्हती. दाब मोजता यायचा, पण बाहेरून हवा तेवढा देऊन अणूंना मोकळे सोडता येत नव्हते.

१९८० मध्ये हान्स अँडरसन यांनी पेटीच्या आकारमानालाच वस्तुमान बहाल केले, म्हणजे पेटीही अणूंसारखी हलू लागली. आतला आणि बाहेरचा दाब जुळेना की पेटी सगळ्या बाजूंनी सारखी आकसे वा फुगे. त्याच वर्षी मिकेले पारिनेलो आणि रहमान यांनी पुढची मजल मारली: कडांची लांबी आणि त्यांमधले कोनही मोकळे केले. ही मला या कथेतली सर्वांत देखणी कल्पना वाटते. आता स्फटिकाला एका जातीतून दुसऱ्या जातीत जायला वाट मिळाली. १९८१ च्या लेखात त्यांनी निकेलचा स्फटिक एका दिशेने दाबून त्याची रचना बदलताना दाखवली.

सिरॅमिकसाठी आणखी एक गोष्ट हवी होती: अणूंमधल्या जोराचे भरवशाचे सूत्र. विद्युतभारित अणूंची लांबवरची ओढ मोजायची रीत पॉल एवाल्ड यांनी १९२१ मध्येच दिली होती. जवळचा रेटा अवघड होता. १९८८ मध्ये जपानच्या त्सुनेयुकी आणि सहकाऱ्यांनी सिलिकासाठी तो क्वांटम गणितातून काढला आणि हलत्या पेटीत तपासला. सिलिकाच्या क्वार्ट्झ या रूपात सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात. प्रचंड दाबाखाली होणाऱ्या स्टिशोव्हाइटमध्ये सहा.  एकाच सूत्राने क्वार्ट्झही टिकला आणि स्टिशोव्हाइटही.

हे पाहायला रहमान नव्हते. १९८७ मध्ये ते गेले. अणूंच्या हालचाली मोजणाऱ्या ग्रोमॅक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये दाबाची पद्धत निवडताना आजही ‘पारिनेलो-रहमान’ हे नाव समोर येते. मटेरियल सायन्सच्या विद्यार्थ्यांनो, त्यावर बोट ठेवण्याआधी १९८१ चा तो लेख एकदा वाचाच.