साठच्या दशकातील मुंबई आणि आमच्या प्रार्थनेची भाषा

मुंबईतील मराठी कॅथलिक समाजाचा इतिहास सांगू लागलो की आपण बहुधा पोर्तुगिजांपासून आरंभ करतो, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्याचा उल्लेख करतो, आणि ब्रिटिश अमदानीपर्यंत येऊन थांबतो. त्यानंतरचा काळ जणू इतिहास नव्हेच, तो केवळ आठवणींचा विषय, अशी आपली समजूत असते. परंतु आमच्या समाजाची आजची घडण जर कोणत्या एका कालखंडात निश्चित झाली असेल, तर ती १९५० ते १९७५ या पंचवीस वर्षांत. त्या वर्षांत ज्यांचे बालपण आणि तारुण्य मुंबईत गेले, त्या आमच्या पिढीने शहर बदलताना पाहिले, राज्य बदलताना पाहिले आणि देवळातली भाषाही बदलताना पाहिली. ही तीन स्थित्यंतरे एकाच वेळी घडली. मात्र त्यांची दिशा एक नव्हती. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

प्रथम शहराविषयी. मुंबईत वाढलेल्या बहुतेकांची कथा खेड्यातून शहरात येण्याची आहे. कोकणातून, घाटावरून, गोव्याहून माणसे आली आणि गिरणगावाच्या चाळींत, धोबीतलावाच्या कुडांत राहिली. साष्टीतील गावठाणांत जन्मलेल्या आमची कथा नेमकी उलटी आहे. आम्ही शहरात आलो नाही; शहर आमच्याकडे आले. १९५० साली मुंबईची हद्द माहीम-शीव ओलांडून उपनगरांत शिरली आणि १९५७ साली ती दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली. वांद्रे, कुर्ले, मरोळ, आंबोली, गोराई, मनोरी ही गावे जागची हलली नाहीत. पण त्यांचा पत्ता बदलला. १९५१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे ३० लाख होती. १९६१ मध्ये ती साडेएक्केचाळीस लाखांवर गेली आणि १९७१ मध्ये साठ लाखांच्या घरात पोहोचली. वीस वर्षांत शहर दुप्पट झाले. ही वाढ जेथे सामावली, ती भूमी पुष्कळ अंशी भातशेतीची, वाड्यांची आणि मिठागरांची होती. आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांत आमचे पूर्वज होते.

त्या पूर्वजांना स्वतःचे वेगळे नाव नव्हते. ते गावच्या नावाने ओळखले जात. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, समाजाच्या संस्थेची स्थापना करताना धारण करण्यात आले. गोव्याहून आणि मंगळूरहून आलेले कॅथलिक बांधव आणि मुंबईचे मूळ कॅथलिक रहिवासी यांच्यातील भेद सरकारदरबारी स्पष्ट व्हावा, नोकऱ्यांत आपला हक्क राहावा, हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. हेतू समजण्याजोगा होता. पण त्याचा एक परिणाम त्या वेळी कोणाच्या ध्यानात आला नसावा. घरात मराठी बोलणाऱ्या, लग्नात मराठी ओव्या गाणाऱ्या, लुगडे नेसणाऱ्या समाजाने इंग्रजी नाव घेतले आणि त्या नावात त्याची भाषा कोठेच उरली नाही. पुढे शेजारीपाजारी ‘तुम्ही गोव्याचे का?’ असे विचारू लागले, तेव्हा त्या प्रश्नाचे मूळ काही अंशी याच नावात आणि आमच्या पोर्तुगीज आडनावांत होते.

आता देवळातील भाषेकडे वळू. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेपूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. वेदी भिंतीला लागून असे आणि धर्मगुरू वेदीकडे तोंड करून मिस्सा अर्पण करीत. वेदीसेवक मुलांना लॅटिन उत्तरे तोंडपाठ असत. अर्थ ठाऊक असेलच असे नाही. भाविक बाकांवर बसून जपमाळ ओढीत. तथापि मराठीला देवळाचे दार बंद होते, असे मात्र म्हणता येणार नाही. प्रवचन, ख्रिस्ती धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे, नोव्हेना, उपवासकाळातील भक्ती आणि घरची सायंप्रार्थना यांत लोकभाषा नांदत होती. या परंपरेच्या शिरोभागी फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ साली छापले गेलेले ‘ख्रिस्तपुराण’ आहे. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदीचे फर्मान काढले, तरी सामान्य माणसाची प्रार्थना त्याच्या बोलीतून निघून गेली नाही. सारांश, आमच्या आजीची लॅटिन मिस्सा आणि तिची मराठी प्रार्थना या दोन्ही तिच्याच होत्या. एक ती ऐकत असे, दुसरी ती बोलत असे.

मग शाळा आल्या. साष्टीतील ग्रामशाळा मराठी होत्या. परंतु नोकरीची वाट इंग्रजीतून जाते, हे आमच्या आईवडिलांना अनुभवाने ठाऊक झाले होते. रेल्वे, कस्टम्स, बंदर, तार-टपाल, बँका, सर्वत्र इंग्रजी जाणणाऱ्या कारकुनाला मागणी होती. या संदर्भात १९५४ सालची एक घटना आज विस्मरणात गेली आहे. त्या वर्षी जानेवारीत मुंबई राज्य सरकारने असा हुकूम काढला की, इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरील वंशाचे नागरिक यांच्या मुलांखेरीज इतरांना नवीन प्रवेश देऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलची चालक संस्था आणि काही पालक या हुकुमाविरुद्ध न्यायालयात गेले. त्या पालकांपैकी एक भारतीय ख्रिस्ती होते आणि एक गुजराती भाषक हिंदू. मे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम घटनाबाह्य ठरविला. केवळ भाषेच्या कारणावरून सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही, असे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. निर्णय न्याय्य होता. त्याने दार उघडे ठेवले, आणि त्या दारातून आमच्या पिढीतील असंख्य मुले आत गेली.

शाळेत इंग्रजी, घरी बोली, गल्लीत मुंबईची मराठी-हिंदी, आणि देवळात लॅटिन, असा आमचा चौपदरी दिनक्रम होता. कोणालाही त्यात विसंगती वाटत नसे. शाळेतून आलेले मूल आजीशी बोलीत बोले आणि आईने अभ्यास विचारला की इंग्रजीत उत्तर देई. काही वर्षांनी आईने आजीच्या बाजूचे बोलणेही कमी केले, कारण शाळेने सांगितले होते की घरी इंग्रजी बोला, म्हणजे मुलाची प्रगती होईल.

बाहेर मात्र वारे निराळ्या दिशेने वाहत होते. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन १९५५-५६ मध्ये पेटले. फ्लोरा फाउंटनच्या परिसरात आणि शहरात अन्यत्र झालेल्या गोळीबारांत शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. मुंबई कोणाची, हा प्रश्न ज्या भाषेच्या आधारे सुटला, ती आमचीही भाषा होती. या भूमीवर शतकानुशतके मराठी बोलणारा समाज म्हणून आमचा त्या विजयावर अधिकार होता. पण आमचे घर त्याच वेळी दुसऱ्या भाषेकडे निघाले होते. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली आणि ‘मराठी माणूस’ हा शब्द रस्त्यारस्त्यांवर ऐकू येऊ लागला. तेव्हा त्या शब्दात आपण येतो की नाही, हे गावठाणातील तरुणाला स्वतःलाच विचारावे लागले.

आणि याच दशकात रोमहून तिसरी लाट आली. ११ ऑक्टोबर १९६२ रोजी द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेचे उद्‌घाटन झाले. ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक संविधान संमत होऊन लोकभाषेला उपासनेत स्थान मिळाले. त्यानंतर वर्षभरातच मुंबईला एक अपूर्व सोहळा पाहायला मिळाला. २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर १९६४ या काळात अडतिसावी आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस ओव्हल मैदानावर भरली. कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस तेव्हा मुंबईचे आर्चबिशप होते. १९५३ साली कार्डिनल झालेले ते पहिले भारतीय. २ डिसेंबर रोजी परमगुरुस्वामी सहावे पॉल मुंबईत उतरले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. त्यांना पाहण्यासाठी रस्त्यांच्या दुतर्फा लोटलेल्या गर्दीत कॅथलिक किती आणि इतर किती, हे कोणी मोजले नसेल. पण ती गर्दी एका धर्माची नव्हती, मुंबईची होती. ३ डिसेंबर रोजी अन्य धर्मीयांच्या प्रतिनिधींशी बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातील असत्याकडून सत्याकडे नेण्याची प्रार्थना उद्‌धृत केली. जी प्रार्थना आम्ही शेजारच्या मुलांच्या तोंडून ऐकली होती, ती पोपमहोदयांच्या मुखातून ऐकणे हा आमच्या पिढीचा मोठा धडा होता. अन्य धर्मांशी संवाद साधणारा विश्वपरिषदेचा जाहीरनामा यायला अजून जवळजवळ अकरा महिने अवकाश होता. त्याच वर्षी, ३१ मार्चच्या रात्री, मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली होती. शहराचे जुने एक संपत होते आणि नवे एक सुरू होत होते.

१९६५ पासून टप्प्याटप्प्याने मिस्सा लोकभाषांत होऊ लागली. वेदी भिंतीपासून पुढे सरकली, धर्मगुरूंचे मुख भाविकांकडे वळले. १९६९ मध्ये नवा मिस्साग्रंथ जाहीर झाला. त्याच वर्षी भारतासाठी बारा अनुकूलने मान्य झाली आणि हात जोडून नमस्कार, आरती, जमिनीवर बसून उपासना अशा देशी रीतींना मान्यता मिळाली. अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रॉक्श भारतीय संगीत आणि नृत्य यांतून ख्रिस्तकथा मांडीत होते. दादरला चार्ल्स कोरिया यांनी रचलेले पोर्तुगीज चर्चचे नवे देऊळ १९७७ मध्ये पुरे झाले; उंच दर्शनी भिंतीऐवजी कवचांसारखी छपरे आणि उघडी अंगणे, असे ते देऊळ पाहून काहींना आनंद झाला, काहींना परके वाटले. वृद्धांची कुरकुरही खरी होती. पेटी-तबला त्यांना भजनी मंडळाचा वाटे, आणि लॅटिन गायनाचे गांभीर्य हरवले असे ते म्हणत. त्यांचे म्हणणे केवळ हट्टाचे नव्हते. पन्नास वर्षे ज्या स्वरांत त्यांनी देव शोधला होता, तो स्वर अकस्मात थांबला होता.

येथे या तीन प्रवाहांची गाठ पडते. ख्रिस्तसभेने मराठीला वेदीवर बोलावले, ते नेमके आम्ही तिला स्वयंपाकघरातून निरोप देत होतो त्या वर्षांत. लोकभाषेतील मिस्सा सुरू झाली, तेव्हा मुंबईच्या अनेक धर्मग्रामांत ‘लोकभाषा’ कोणती, हा प्रश्न उभा राहिला. वडीलधारी मंडळी मराठी मिस्सेला जात, मुलांना इंग्रजी मिस्सा सोयीची वाटे. एकाच घरातील तीन पिढ्या आता देवळात एकत्र येईनात. लॅटिन कोणालाच पुरती कळत नव्हती. पण ती सर्वांना एका बाकावर बसवीत होती, हे नंतर उमगले.

भाषा केवळ शाळेमुळे गेली, असेही नव्हे. ती ज्या जमिनीवर उभी होती, ती जमीनही गेली. शेतीची, विहिरीची, मिठागराची, जाळ्याची म्हणून जी शब्दसंपत्ती होती, तिला वापरच राहिला नाही. लग्नात उंबराचे पाणी आणायला विहीर हवी. विहीर बुजली की त्या वेळच्या ओव्याही मुक्या होतात. मरोळच्या परिसरात १९७३ साली निर्यात औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. त्याच्या आवारात १५७९ सालच्या संत जॉन बाप्टिस्ट देवळाचे अवशेष आजही आहेत. एकोणिसाव्या शतकात साथीमुळे गाव उठले आणि देऊळ ओस पडले. त्याच्याभोवती आता कारखाने आणि कचेऱ्या आहेत. गावठाणांच्या वाटांवर उभे असलेले क्रूस, ज्यांपैकी अनेक १८९६ च्या प्लेगच्या काळात उभारले गेले, हेही आमच्या इतिहासाचे असेच मूक साक्षीदार होत.

मग दोष कोणाचा? आमच्या मते हा प्रश्नच योग्य नव्हे. ज्या आईवडिलांनी स्वतः पोटाला चिमटा घेऊन मुलांना इंग्रजी शाळेत घातले, त्यांनी मुलांचे कल्याणच पाहिले. त्या शिक्षणाने आमच्या घरांत परिचारिका, शिक्षक, अभियंते आणि अधिकारी निर्माण झाले. चूक असलीच, तर ती एका गृहीतात होती: एक भाषा आत येण्यासाठी दुसरीने बाहेर गेलेच पाहिजे. हे गृहीत खरे नाही, याचा पुरावा खाडीपलीकडेच आहे. वसईतील कॅथलिक समाजाने मराठी शाळा दीर्घकाळ टिकविल्या, मराठीत नियतकालिके चालविली, लेखक घडविले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २०२४ मध्ये ते निवर्तले, तेव्हा सर्व धर्मांच्या मराठी वाचकांनी शोक केला.

परंतु वसईकरांनीही निश्चिंत राहण्याचे कारण नाही. १९५७ साली मरोळ-मनोरी जेथे उभी होती, तेथेच २००९ साली महानगरपालिका झालेली वसई आज उभी आहे. वाड्यांच्या जागी इमारती येत आहेत, मराठी शाळांचे वर्ग रिकामे होत आहेत, आणि पालक तोच विचार करीत आहेत जो आमच्या आईवडिलांनी केला. फरक इतकाच की, त्यांच्यासमोर आमचा अनुभव आहे. आमच्या आईवडिलांसमोर कोणाचाच नव्हता.

इंग्रजी शाळा सोडा, असे आम्ही कोणाला सांगणार नाही. पण रात्रीची जपमाळ घरच्या भाषेत म्हणायला शाळेची परवानगी लागत नाही. घरात ऐंशी-नव्वदीची वृद्धा असेल, तर तिच्या ओव्या, तिच्या प्रार्थना, तिने सांगितलेली शेतांची आणि विहिरींची नावे लिहून घ्यायला एक वही पुरते. गावच्या क्रुसावरील साल आणि नावे टिपून धर्मग्रामाच्या दप्तरी ठेवणे, हे एका सुट्टीचे काम आहे. साठच्या दशकात वाढलेली आमची पिढी आता थोडीच उरली आहे. लॅटिन मिस्सा ऐकलेले, पोपमहोदयांना मुंबईच्या रस्त्यावर पाहिलेले आणि आजीची बोली समजणारे असे आम्ही शेवटचेच. जे विचारायचे आहे, ते या नाताळच्या सुट्टीत विचारावे.