रायगड किनारपट्टीवरील स्त्रियांची मासिक पाळीपूर्व पोटदुखी व तिचे उपचार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

बीजसंज्ञा : उदावर्ता, कष्टार्तव, कुलाबा जिल्हा, घरगुती उपचार, स्त्री-आरोग्य

प्रस्तावना :
आजारांचा इतिहास बहुधा साथी आणि मृत्यू यांच्या नोंदींवरून लिहिला जातो. पटकी, देवी, प्लेग यांना शासकीय दप्तरात स्थान मिळाले. दर महिन्याला येणारी आणि दोन-तीन दिवसांत ओसरणारी स्त्रीची वेदना मात्र दप्तराबाहेर राहिली. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे 1981 पासूनच्या रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीसंदर्भात या वेदनेवरील उपचारांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शास्त्रीय परंपरा :
चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापदांचे वर्णन आहे. त्यांपैकी 'उदावर्ता' हा विकार येथे महत्त्वाचा ठरतो. वायूची गती उलट होऊन वेदना होतात आणि रजःस्राव सुरू होताच रुग्णेस आराम पडतो, असे त्याचे लक्षण सांगितले आहे. पाळीपूर्वीच्या पोटदुखीचे इतके नेमके निरीक्षण प्राचीन ग्रंथात आढळणे लक्षणीय होय. स्नेहन, स्वेदन व बस्ती हे वातशामक उपचार त्यासाठी योजले जात.

घरगुती उपचार :
हेच तत्त्व घरोघरी अधिक साध्या रूपात पाळले जात होते. ओव्याचा किंवा शेपांचा काढा, हिंग, गूळ, तीळ, एरंडेल आणि ओटीपोटावर फडक्यात गुंडाळलेल्या तापल्या विटेचा शेक, हे उपाय आजी-आईकडून मुलीकडे येत. तथापि, सर्व स्त्रियांची परिस्थिती सारखी नव्हती. सोवळे पाळणाऱ्या घरांत 'बाजूला बसलेल्या' स्त्रीस कामातून सुटका मिळे, पण ती विटाळामुळे. दुखण्याची दखल घेऊन नव्हे. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणाऱ्या कोळीणीस किंवा शेतात राबणाऱ्या स्त्रीस तेवढीही उसंत मिळणे कठीण होते.

पनवेलचा औषधी कारखाना :
1872 मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेल येथे 'श्री धूतपापेश्वर' या आयुर्वेदीय औषधी कारखान्याचा पाया घातला. पनवेल हे खाडीवरील बंदर आणि मुंबई-पुणे मार्गावरील गाव असल्याने औषधांच्या व्यापारास ते सोयीचे होते. अशा कारखान्यांमुळे वैद्याच्या घरी कुटले-उकळले जाणारे औषध बाटलीतून दूरवर पोहोचू लागले. अशोकारिष्टाचा मुख्य उपयोग अतिस्रावावर असला, तरी पाळीच्या वेदनांसाठीही ते देण्याची प्रथा रूढ झाली. औषध दारी आले, परंतु आपले दुखणे वैद्यास सांगण्याचा संकोच तसाच राहिला.

संकोच आणि वाचा :
या संकोचाचे निदान आनंदीबाई जोशी यांनी अचूक केले होते. पती गोपाळराव यांच्या टपाल खात्यातील नोकरीमुळे त्यांचे काही काळ अलिबागेस वास्तव्य होते. 1883 मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात त्यांनी हिंदुस्थानास स्त्री-डॉक्टरांची निकड असल्याचे प्रतिपादन केले. पुरुष डॉक्टरांपुढे स्त्रिया मोकळेपणाने बोलू शकत नाहीत, ही त्यांची मूळ चिंता होती. 1886 मध्ये त्या फिलाडेल्फियातून वैद्यकीय पदवीधर झाल्या. त्याच वर्षी मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. पुढे र. धों. कर्वे यांनी 1927 ते 1953 या काळात 'समाजस्वास्थ्य' मासिकातून शरीरविषयक प्रश्नांची मराठीत उघड चर्चा केली. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. शरीराविषयी बोलणे किती जोखमीचे होते, याची त्यावरून कल्पना येते.

आधुनिक विज्ञान :
वेदनेचे कारण विसाव्या शतकात स्पष्ट झाले. पिकल्स यांनी 1957 मध्ये मासिक स्रावात स्नायू आकुंचित करणारे द्रव्य असल्याचे दाखवले. ते प्रोस्टाग्लँडिन असल्याचे पुढे निष्पन्न झाले. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे त्याची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये सिद्ध केले. आयबुप्रोफेन व मेफेनॅमिक आम्ल यांचा परिणाम याच मार्गाने होतो. तथापि, मेफेनॅमिक आम्लाच्या क्वचित उद्भवणाऱ्या गंभीर दुष्परिणामाबाबत भारतीय औषधसंहिता आयोगाने 2023 मध्ये इशारा दिला. म्हणून ते वैद्यकीय सल्ल्यानेच घेणे इष्ट. शेकाने आराम पडतो, हा आजीचा अनुभवही आधुनिक चाचण्यांनी उचलून धरला आहे.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, या किनारपट्टीवर उपचारांचा अभाव नव्हता. अभाव होता तो ऐकून घेणाऱ्याचा. 2011 नंतरच्या शासकीय योजनांनी सॅनिटरी नॅपकिन गावापर्यंत नेले. मात्र 'पाळीत दुखायचेच' हे वाक्य आजही मुलीच्या तक्रारीचा शेवट करते. स्राव सुरू झाल्यावरही न थांबणारी किंवा महिन्यागणिक वाढणारी वेदना एंडोमेट्रिओसिससारख्या विकाराची सूचना असू शकते. वर्गात पोट धरून बसलेल्या विद्यार्थिनीस विश्रांती, गरम पाण्याची पिशवी आणि विश्वासाने बोलता येईल अशी प्राध्यापिका लाभली, तर या इतिहासातील जुनी उणीव महाविद्यालयापुरती तरी भरून निघेल.