कारस्थानाची कथा आणि श्रद्धावंताचे कर्तव्य



गुप्त कारस्थानांच्या ज्या कथा जगात फिरत असतात, त्यांच्याकडे कॅथलिक माणसाने लक्ष द्यावे की पाठ फिरवावी, असा आजचा प्रश्न आहे. कोणी म्हणेल, हा त्यांच्या घरचा प्रश्न. या मांडवात त्याचे काय काम? परंतु ज्या समाजाची श्रद्धा उत्कट असते आणि आपण शत्रूंनी घेरले गेलो आहोत असे ज्याला वाटत असते, अशा प्रत्येक समाजापुढे हा प्रश्न उभा राहतो. मी स्वतः कॅथलिक नाही. इतिहासाची पदवीही माझ्यापाशी नाही. कामगार संघटनेचे काम करता करता, रात्री दिव्याखाली जे वाचन झाले तेवढीच माझी शिदोरी. त्या वाचनात पॅरिसमधील एक हकिगत हाती लागली. ती आधी सांगतो, मत नंतर.

दिनांक १९ एप्रिल १८९७, ईस्टरचा सोमवार. पॅरिसच्या भूगोल मंडळाचे सभागृह माणसांनी भरले होते. धर्मगुरू होते, नास्तिक होते, फ्रीमेसन होते, वर्तमानपत्रांचे बातमीदार होते. दारात प्रत्येकाची काठी आणि छत्री काढून घेण्यात आली. तसे करण्याचे कारण पुढे कळणार होते. सगळे आले होते ते डायाना व्हॉन नावाच्या बाईला पाहायला. ही बाई पूर्वी सैतानपूजक मंडळाची पुढारी होती, मग तिला उपरती झाली आणि ती कॅथलिक झाली, असे दोन वर्षे छापून येत होते. तिच्या आठवणी हजारो घरांत भक्तिभावाने वाचल्या जात होत्या. मात्र तिला प्रत्यक्ष कोणी पाहिले नव्हते.

व्यासपीठावर ती आली नाही. लिओ ताक्सील नावाचा लेखक उभा राहिला. बिशपांचे आणि कॅथलिक वर्तमानपत्रांचे आभार मानून त्याने सांगितले, की गेली बारा वर्षे आपण जे जे लिहिले ते सारे थोतांड होते. सैतानपूजक मंडळ आपल्या डोक्यातून निघाले, आणि डायाना व्हॉन ही टंकलेखन करणारी एक बाई असून ती महिना दीडशे फ्रँकांवर या गमतीत सामील झाली होती. सभेत एकच गदारोळ उडाला. काठ्या-छत्र्या दाराशी राहिल्या होत्या हे ताक्सीलचे नशीब.

हा मनुष्य कोण होता? मार्सेय बंदरात १८५४ साली जन्मलेला, मूळ नाव गाब्रिएल जोगां. जेझुइटांच्या शाळेत शिकला आणि बाहेर पडल्यावर धर्मगुरूंची अश्लील टवाळी करणारी पुस्तके विकून पोट भरू लागला. १८८१ साली फ्रीमेसनांच्या मंडळात शिरला. लवकरच त्यांनीही त्याला हाकलून दिले. मग एप्रिल १८८५ मध्ये त्याने जाहीर केले, की मला पश्चात्ताप झाला आहे. चर्चने त्याला पोटाशी धरले. दोन वर्षांनी, १८८७ साली, खुद्द पोप तेरावे लिओ यांनी त्याला भेट दिली.

आपण विचाराल, एवढी शहाणी संस्था फसली कशी? तिच्या मनाची त्या वेळची अवस्था पाहिली पाहिजे. १८७० साली पोपांचे राज्य गेले होते. फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने सरकारी प्राथमिक शाळांतून धर्मशिक्षण काढून टाकले होते. प्रजासत्ताकाच्या मंत्र्यांत आणि प्रतिनिधींत फ्रीमेसन पुष्कळ होते, ही गोष्ट खरी होती. त्या पंथावर चर्चची बंदी १७३८ पासूनच होती. एप्रिल १८८४ मध्ये पोपांनी नवे परिपत्रक काढून त्याचा बुरखा फाडण्याची हाक दिली. म्हणजे मागणी तयार होती. मागणी आली की माल येतोच, आणि खरा माल नसेल तर बनावट येतो. ताक्सील हा त्या बाजारातला हुशार व्यापारी.

माल तरी कसा? १८९२ पासून 'डॉक्टर बाताय' या टोपणनावाने एक ग्रंथ हप्त्याहप्त्याने निघू लागला. लंडनमधील एका बैठकीत टेबल छताला जाऊन भिडले, त्याचा पंखवाला मगर झाला आणि तो मगर पियानो वाजवू लागला, असे त्यात होते. जिब्राल्टरच्या खडकाखाली सैतानाचे कारखाने होते. अमेरिकेतील चार्ल्स्टन हे सैतानाचे रोम होते. आणि आपला हिंदुस्थानही सुटला नव्हता! कलकत्त्यापासून दोन तासांच्या वाटेवर ग्रॅनाइटचा डोंगर आणि त्यावर सैतानी विधींची सात देवळे डॉक्टरसाहेबांनी पाहिली होती. कलकत्त्याचा कोणताही गाडीवान सांगू शकला असता, की दोन तासांत जाल तेथवर सगळी गाळाची सपाट जमीन. टेकडीही नाही, मग ग्रॅनाइटचा डोंगर कुठला! पण गाडीवानाला विचारतो कोण?

येथे मी थोडा थांबतो, कारण या हकिगतीचा गाभा येथे आहे. ज्यांना खरे ठाऊक होते अशी माणसे चर्चमध्येच होती. ताक्सीलनेच पुढे सांगितले, की चार्ल्स्टनच्या बिशपांनी रोमला जाऊन, आमच्या गावी असले काही नाही, असे कळवले होते. जिब्राल्टरच्या धर्माधिकाऱ्यांनीही तसेच कळवले होते. त्यांचे म्हणणे दप्तरात राहिले, आणि बाजारात खपली ती ताक्सीलची पुस्तके. १८९५ च्या अखेरीस कार्डिनल पारोकी यांनी डायानाला पत्र लिहून पोपांचा आशीर्वाद कळवला.

सप्टेंबर १८९६ मध्ये ट्रेंट गावी फ्रीमेसनविरोधी मोठी परिषद भरली. छत्तीस बिशप, पन्नास बिशपांचे प्रतिनिधी आणि सातशेवर इतर मंडळी हजर होती. त्या भरल्या सभेत कोलोनकडून आलेल्या एका धर्मगुरूंनी साधी मागणी केली: ही बाई आहे तरी कुठे? तिच्या जन्माचा दाखला दाखवा. तिला प्रथम पवित्र प्रसाद कोणी दिला ते सांगा. ताक्सील म्हणाला, पुरावा माझ्या खिशात आहे; पण तो उघड केला तर मेसन तिचा जीव घेतील. आणि सभेचा कल त्याच्याकडेच होता! पुरावा नसणे हाच पुरावा, अशी एकदा मनाची समजूत झाली की मग माणसाला कोणीही कुठेही नेऊ शकतो. रोमने चौकशी समिती नेमली. जानेवारी १८९७ मध्ये तिने सांगितले, की बाई आहे असेही सिद्ध होत नाही आणि नाही असेही होत नाही.

पण लक्षात ठेवा, ताक्सीलला कोंडीत पकडले तेही कॅथलिकांनीच. जर्मनीतील 'क्योल्निश फोल्क्सत्साइटुंग' हे कॅथलिक वर्तमानपत्र, जेझुइट फादर हेर्मान ग्रूबर आणि फ्रान्समधील जेझुइट फादर पोर्तालिए यांनी एकेक विधान तपासून लबाडी उघडी पाडण्यास सुरुवात केली होती. फादर ग्रूबर तर फ्रीमेसनांचे कडवे टीकाकार. खरा विरोधक खोट्या पुराव्याला भितो, कारण त्याने आपली बाजू पडते हे त्याला कळते.

हे सारे विनोदी वाटते खरे. आता त्याची दुसरी बाजू ऐका. नॉर्मंडीतील लिझ्यू गावी कार्मेल मठात तेवीस वर्षांची एक संन्यासिनी होती. तीच पुढे १९२५ साली संत झालेली तेरेजा. आपल्याकडे 'लिटल फ्लॉवर' या नावाने शाळा आणि चर्चे आहेत ती हिचीच. डायानाच्या आठवणी तिने वाचल्या, जून १८९६ मध्ये मठात करायच्या एका नाटुकलीत डायानाचा उल्लेख गोवला, आणि जोन ऑफ आर्कच्या वेषातील आपले छायाचित्र तिला पाठवून दिले. १९ एप्रिलच्या त्या सभेत ताक्सीलने पडद्यावर जे चित्र दाखवले ते हेच. क्षयाने खंगलेल्या त्या मुलीला ही बातमी मठात कळली. डायानाकडून आलेले पत्र तिने फाडून उकिरड्यावर टाकले. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ती वारली. ताक्सील हसला तो पोपांना. पण पडद्यावर उभी केली ती त्या बिचारीला. वरची माणसे चौकशी करीत नाहीत, तेव्हा किंमत खालची माणसे मोजतात.

आता पुढची सात वर्षे ओलांडू. २८ ऑक्टोबर १९०४ रोजी फ्रान्सच्या प्रतिनिधीगृहात ग्वियो द व्हिल्नव्ह नावाच्या प्रतिनिधीने कागदांचा गठ्ठा काढला आणि वाचू लागला. युद्धमंत्री जनरल आंद्रे यांच्या कचेरीने फ्रीमेसनांच्या 'ग्रांद ओरियां' या मध्यवर्ती मंडळामार्फत सैन्यातील अधिकाऱ्यांवर पाळत ठेवली होती. कोण प्रार्थनेला जातो, कोणाची मुले पाद्र्यांच्या शाळेत आहेत, अशी टिपणे गावोगावच्या शाखांतून येत आणि त्यांवर बढत्या ठरत. अशी हजारो टिपणे होती. हे कागद मंडळाच्याच बिदगें नावाच्या कारकुनाने पैसे घेऊन बाहेर दिले होते; पण कागद खरे होते. नोव्हेंबरात आंद्रे यांना राजीनामा द्यावा लागला, आणि जानेवारी १९०५ मध्ये मंत्रिमंडळही गेले.

म्हणजे कारस्थान होते! पण त्यात मगर नव्हता, पियानो नव्हता. होते कारकून, टपाल आणि बढतीच्या याद्या. ताक्सीलच्या नादाने कॅथलिक मंडळी बारा वर्षे साप म्हणून भुई धोपटीत बसली. शिवाय एकदा फसलेल्या माणसाच्या खऱ्या तक्रारीलाही लोक हसतात. खोट्या कारस्थानाची कथा खऱ्या कारस्थानाला जेवढे झाकते, तेवढे कोणतेही कुलूप झाकत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो असे नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात कंडी पिकली, की मालक रात्री यंत्रे उचलून परराज्यात नेतो. आम्ही फाटकावर पहारे बसवले. तीन आठवडे रात्रभर जागून ट्रक मोजले; त्यात मीही होतो आणि माझा पूर्ण विश्वास होता. एके पहाटे एक जुना टाइमकीपर चहा घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, ट्रक कसले मोजता? फंडाची चलने मागा." मागितली. चौदा महिने पगारातून फंड कापला होता आणि भरला नव्हता. यंत्रे जागच्या जागी होती. ते तीन आठवडे मला आजही बोचतात.

म्हणून पाठ फिरवावी, हा सल्ला मला पटत नाही. गप्प बसल्याने मैदान ताक्सीलांना मोकळे मिळते, आणि त्याचा परिणाम विनोदी राहत नाही. १९०३ साली रशियात ज्यूंच्या जागतिक कटाचे म्हणून 'प्रोटोकॉल' छापले गेले. १९२० मध्ये पॅरिसचे एक धर्मगुरू जुएं यांनी ते फ्रेंचमध्ये काढले. १९२१ साली लंडनच्या 'टाइम्स'ने दाखवून दिले, की हा मजकूर मोरीस जोली याच्या १८६४ च्या एका पुस्तकातून उचललेला आहे. त्या पुस्तकात रोख तिसऱ्या नेपोलियनवर होता, ज्यूंचे नावही नव्हते. तरी छपाई चालूच राहिली, आणि हिटलरच्या राज्यात त्या खोटेपणाचा काय उपयोग झाला ते आपण जाणता. चोर सोडून संन्याशाला सुळी देणे ते हेच. त्या काळोखात १९३८ साली बेल्जियमचे जेझुइट फादर प्येर शार्ल यांनी लेख लिहून, हे बनावट आहे, असे आपल्या धर्मबांधवांना स्पष्ट सांगितले. त्याहून सातशे वर्षे जुना दाखलाही आहे: ज्यू लोक ख्रिस्ती मुलांचे रक्त वापरतात या कंडीचा पोप चौथे इनोसंट यांनी १२४७ मध्ये निषेध केला आणि हे आरोप लुटीसाठी केले जातात असेही म्हटले.

कॅथलिकांना तर हे अनुभवाने कळायला हवे. १६७८ साली टायटस ओट्स नावाच्या लबाडाने इंग्लंडात 'पोपपंथी कट' रचून सांगितला आणि त्यापायी निरपराध कॅथलिक फासावर गेले. त्या लाटेचे शेवटचे बळी आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट, १६८१ मध्ये. ओट्स खोटे बोलला हे न्यायालयात सिद्ध झाले ते १६८५ साली. मेलेल्यांना त्याचा काय उपयोग?

तेव्हा माझे उत्तर असे. कॅथलिकाने, आणि तुम्हीआम्हीही, कारस्थानाच्या कथेकडे जरूर लक्ष द्यावे; पण कामगाराच्या तक्रारीकडे चांगला कार्यकर्ता देतो तसे. तक्रार करणाऱ्याचा अपमान करू नये, आणि कागद पाहिल्याशिवाय घोषणा देऊ नये. जन्माचा दाखला मागावा, चलन मागावे, कलकत्त्याच्या गाडीवानाला विचारावे. आणि ही चौकशी आपल्या बाजूच्या माणसाची आधी करावी, कारण शत्रूचे खोटे आपण सहज ओळखतो; आपल्याला आवडणारे खोटे ओळखायला कष्ट पडतात. ट्रेंटच्या सभेत सातशे माणसांसमोर उठून 'ही बाई कुठे आहे?' असे विचारणारा तो धर्मगुरू सभेला रुचला नसेल. पण त्या दिवशी आपल्या धर्माची खरी सेवा त्याने केली असे मी मानतो.