फडताळातला आवाज

मंडळी, या शनिवारचा विषय जरा विचित्र आहे. स्पीकर कपाटात का ठेवू नये, आणि मुळात आपण ते कपाटात ठेवायला लागलो कसे?

सुरुवात आमच्या पारोळ्यापासून. धुळ्याहून जळगावला जाताना वाटेत लागतं ते. झाशीच्या नेवाळकर घराण्याशी नातं सांगणारं जहागिरीचं गाव. गावातला भुईकोट किल्ला १७२७ चा, हरी सदाशिव दामोदर यांनी बांधलेला. १८५९ मध्ये इंग्रजांनी जहागीर जप्त केली आणि किल्ल्याची मोडतोड केली. आमचं जुनं घर काही जहागीरदाराचं नव्हे, साधं धाब्याचं. पण भिंती मात्र दीड हात जाड. मातीच्या भिंतीला छपराचा भार पेलायचा तर जाडी लागतेच, शिवाय खान्देशातला मे महिना बाहेर ठेवायचा असतो! आणि भिंत एवढी जाड म्हटल्यावर तिच्या पोटातली जागा कोण फुकट घालवणार? दिव्यासाठी देवळी, तांब्या-पेल्यासाठी कोनाडा आणि लाकडी दारं लावलेलं फडताळ.

याच फडताळात आजोबांनी १९६०च्या दशकात रेडिओ ठेवला. व्हॉल्व्हचा, पोस्टात दरवर्षी लायसन्सचे पैसे भरावे लागायचे त्या काळातला. बिनाका गीतमाला १९५२ पासून रेडिओ सिलोनवर होती, विविध भारती १९५७ मध्ये सुरू झाली. बाबा सांगतात, ऐकायला शेजारचे ओट्यापर्यंत बसायचे आणि बातम्यांचा शब्दन् शब्द बाहेर ऐकू यायचा.

आता चार वर्षांपूर्वीची गोष्ट. जुनं घर पाडून स्लॅबचं झालं होतं. नव्या भिंती विटांच्या, सडपातळ. त्यांच्या पोटात काही मावत नाही, म्हणून सुतारकाकांनी प्लायवूडचं भिंतभर शोकेस केलं. वर सनमायका, पुढे काचेची दारं. बाबा त्याला अजून 'फडताळ'च म्हणतात. दिवाळीला मी हौसेने होम थिएटर घेऊन गेलो आणि सगळे स्पीकर त्या खणांत ओळीने मांडले. वायरी दिसत नाहीत, धूळ बसत नाही, आई खूश.

पुढच्या फेरीला पाहिलं तर बाबा टीव्हीसमोर बसतच नव्हते. विचारलं तर म्हणाले, "आते मना कान गयात." कानाच्या यंत्राची चौकशीही करून झाली होती. माझ्याशी ओट्यावर बसून मात्र हळू आवाजातही नीट बोलत होते. इथे माझ्यातला डीबगिंगवाला जागा झाला. एका इनपुटवर प्रोग्राम चालतो आणि दुसऱ्यावर नाही, तर दोष प्रोग्रामचाच कशावरून?

मग वाचायला बसलो. आज आपण वापरतो तशा स्पीकरची मूळ रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली. कागदाचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो. दोन्ही लाटा एकत्र आल्या की खर्जातला आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. म्हणून स्पीकरला पेटी लागते. म्हणजे पेटी हे आवाजाचं फर्निचर नव्हे, वाद्याचाच भाग आहे. पुढे बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरासने पेटीला हिशेबाने भोक ठेवून मागची लाट कामाला लावली. त्याचं पेटंट १९३२ चं. आज अनेक स्पीकरना मागे जी नळी दिसते ती हीच.

आता असा हिशेबाने बनवलेला स्पीकर आपण दुसऱ्या पेटीत कोंबतो. काय होतं? मागच्या नळीला श्वास घ्यायला जागा राहत नाही. तिन्ही बाजूंच्या फळ्यांमुळे खालचे सूर फुगतात. खण ४० सेंटीमीटर खोल असेल तर तो एक बाजू बंद असलेल्या नळीसारखा साधारण २१५ हर्ट्झला घुमतो. म्हणजे नेमका माणसाच्या बोलण्याचा भरणा जिथे असतो तिथे. त्यात पातळ प्लाय स्वतः थरथरते. या घुमण्याखाली 'स', 'त', 'क' ही व्यंजनं बुडतात, आणि शब्द कळतो तो व्यंजनांमुळे. आवाज वाढवला की घुमणंही वाढतं. साठी ओलांडलेल्या माणसाचे वरचे सूर आधीच थोडे कमी झालेले असतात, त्यामुळे पहिला फटका त्यालाच.

मग आजोबांचा रेडिओ फडताळात कसा चालला? एक तर दीड हात मातीची भिंत थरथरत नाही. दुसरं, त्या सेटमध्ये खर्ज बेताचाच. आणि तिसरं मला बाबांनीच सांगितलं. व्हॉल्व्ह तापायचे, म्हणून आजोबा रेडिओ पार आत न ढकलता अगदी कडेवर ठेवायचे आणि फडताळाची दारं उघडी टाकायचे. काळजी उष्णतेची होती, फायदा आवाजाचा झाला. पुढे ट्रान्झिस्टर आले, तापणं गेलं, आणि त्याबरोबर ती कडेवर ठेवायची शिस्तही गेली. आपण फडताळ तेवढं लक्षात ठेवलं!

इलाज अर्ध्या दिवसाचा होता. काचेची दारं काढली. स्पीकर खणाच्या कडेपर्यंत पुढे ओढले. नळीमागे चार बोटं जागा सोडून उरलेल्या पोकळीत जुन्या गादीचा कापूस भरला (खान्देशात कापसाला काय तोटा?). अ‍ॅम्प्लिफायरजवळ मात्र कापूस अजिबात नाही, तो तापतो. सबवूफर कपाटातून काढून जमिनीवर. मधला स्पीकर, ज्यातून संवाद येतात, तो किंचित वर, बसणाऱ्याच्या कानाकडे वळवला.

संध्याकाळी बातम्या लावल्या. बाबा नेहमीप्रमाणे मागच्या खोलीत होते. पाच मिनिटांनी तिथूनच आवाज आला, "अरे, कांद्याचा भाव काय सांगितला त्याने? चुकीचा सांगतोय तो."

आई म्हणते शोकेस आता भकास दिसतं. दिसू दे. कानाच्या डॉक्टरांकडे आम्ही नंतर गेलोच. वयाप्रमाणे थोडं कमी आहे, यंत्राची घाई नाही असं ते म्हणाले. पण मधले आठ महिने एक माणूस स्वतःला बहिरा समजत मागच्या खोलीत बसला होता, आणि दोष मी हौसेने मांडलेल्या त्या खणांचा होता, हे काही विसरता येत नाही.

तुमच्याही घरी कुणी हल्ली टीव्हीसमोर बसत नसेल, तर आधी कपाटाची दारं उघडून बघा.