धावत्या गाडीतील बैठक

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत लष्करातील आमच्या जुन्या घराच्या फडताळातून बुटांचे एक खोके निघाले. आत सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा एक प्लग, पोटातून काळी वायर बाहेर आलेली एक बिनफितीची कॅसेट, तीस पिनांचे तोंड असलेला प्लॅस्टिकचा पाळणा, काचेला चिकटवायची रबरी वाटी आणि गुंडाळून ठेवलेल्या पाच-सहा वायरी होत्या. सूनबाईंनी विचारले, “बाबा, हे भंगारात द्यायचे ना?” मी “थांब जरा” म्हटले आणि खोके घेऊन खिडकीशी बसलो. त्या सटरफटर वस्तूंत मोटारीतील गाण्याच्या इतिहासाची शेवटची तीस-चाळीस वर्षे पडून होती.

ग्रामोफोन, रेडिओ, कॅसेट यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. पण ही साधने धावत्या गाडीत न्यायची म्हटली की तीन प्रश्न उभे राहतात. धक्के बसत असताना यंत्र ठेवायचे कोठे? त्याला वीज कोठून द्यायची? आणि त्याचा आवाज गाडीच्या स्पीकरपर्यंत पोचवायचा कसा? या प्रश्नांची उत्तरे यंत्रांनी दिली नाहीत. ती दिली खोबणी, प्लग, पाळणे आणि वायरी यांनी. त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही म्हणून हा प्रपंच.

आपणां ग्वाल्हेरकरांस गाण्याचा प्रवास नवा नाही. लष्कर हे नावच मुळी छावणीचे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ येथे स्थिरावला आणि आपले पूर्वज त्या तळाबरोबर येथलेच झाले. पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी ग्वाल्हेरचे वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून विद्या घेतली आणि येथला ख्याल महाराष्ट्रात नेला. तो ख्याल गळ्यातून गेला. गळ्याला ना खोबण लागते, ना वीज.

यंत्राला मात्र दोन्ही लागतात. याचे एक नमुनेदार उदाहरण आपल्याच गावी, जयविलास महालातील भोजनगृहात आहे. मेजावर रुळांवरून फिरणारी चांदीची विजेची आगगाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. मद्याच्या सुरया डब्यांतील आपापल्या जागी घट्ट बसतात आणि इंजिनाला वीज रुळांतून मिळते. सुरई उचलली की गाडी थांबते, असे सांगतात. वस्तू धरून ठेवणे आणि चालत्या गाडीला वीज पोचवणे, हे दोन्ही प्रश्न ग्वाल्हेरात जेवणाच्या टेबलावर सुटलेले होते. मोटारीत ते सुटायला बराच काळ लागला.

अमेरिकेतील शिकागो येथे पॉल गॅल्विन यांचा कारखाना १९२८ साली सुरू झाला तो रेडिओच्या बॅटऱ्यांना पर्याय म्हणून घरची वीज वापरू देणारे उपकरण बनवण्यासाठी. १९३० च्या जून महिन्यात गॅल्विन यांनी स्वतःच्या मोटारीत रेडिओ बसवून अटलांटिक सिटी येथील रेडिओ उत्पादकांच्या संमेलनापर्यंत गाडी हाकली. त्या रेडिओला त्यांनी ‘मोटोरोला’ हे नाव दिले आणि पुढे तेच कंपनीचे नाव झाले. अडचणी मात्र थोड्या नव्हत्या. त्या काळी मोटारीची बॅटरी सहा व्होल्टची असे, तर रेडिओच्या व्हॉल्व्हना शंभरावर व्होल्ट लागत. म्हणून आरंभी गाडीच्या तळाशी कोरड्या बॅटऱ्यांची वेगळी पेटी ठेवावी लागे. शिवाय इंजिनातील ठिणग्यांची खरखर गाण्यात मिसळे. पुढे सहा व्होल्टची वीज चढवणारी व्हायब्रेटरची योजना आली, खरखर रोखणारे भाग आले, आणि रेडिओ डॅशबोर्डात कायमचा बसला.

आपल्याकडे रेडिओ बाळगायचा तर टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. वडिलांचे ते परवान्याचे पुस्तक आणि त्यावरील शिक्के मला चांगले आठवतात. ही परवाना पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. १९६४ साली आपल्या गावी आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि ग्वाल्हेरचे गाणे ग्वाल्हेरच्या घरांत रेडिओवरून ऐकू येऊ लागले. पण रेडिओवर निवड श्रोत्याची नसते. आपल्याला हवे ते गाणे, हवे तेव्हा, गाडीत ऐकायचे तर आपली तबकडी किंवा फीत बरोबर नेणे भाग होते.

तबकडीचा प्रयोग झाला तो १९५६ सालच्या क्रायस्लर मोटारींत. कोलंबिया कंपनीच्या पीटर गोल्डमार्क यांनी मिनिटाला १६⅔ फेरे घेणारी सात इंची तबकडी आणि डॅशबोर्डाखाली बसणारे यंत्र तयार केले. सुई उडू नये म्हणून तिच्यावरचा भार वाढवला होता. परंतु यंत्रे बिघडू लागली, निराळ्या तबकड्या एकाच कंपनीकडून घ्याव्या लागत, आणि थोड्याच वर्षांत ही योजना गुंडाळली गेली. सुईला स्थैर्य हवे आणि रस्त्याला ते देता येत नाही, एवढा धडा त्यातून मिळाला.

तो प्रश्न फितीने सोडवला. १९६३ साली फिलिप्स कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात छोटी कॅसेट मांडली आणि १९६८ पर्यंत मोटारीत बसणारा तिचा प्लेयरही आला. फीत दोन चकत्यांवर गुंडाळलेली, प्लॅस्टिकच्या कवचात बंद, आणि एका लहानशा गादीने वाचक-हेडशी दाबून धरलेली. म्हणून खड्ड्यातही ती सूर सोडत नसे. आणखी एक गुण आम्हां गाणे ऐकणाऱ्यांच्या पथ्यावर पडला. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांत राग आटपावा लागे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटे चाले. विलंबित ख्याल अस्ताई-अंतऱ्यासह तिच्यात ऐसपैस बसे. पुण्याला गेलेला प्रत्येक पाहुणा परतताना चितळ्यांच्या बाकरवडीबरोबर अलूरकरांच्या दोन-चार कॅसेटी आणी. गळ्यातून गेलेला ख्याल असा फितीवर बसून माहेरी आला.

१९८० च्या दशकात मी नोकरीस लागलो आणि भिंड, मुरैना, शिवपुरी असे दौरे सुरू झाले. शासकीय जीपमध्ये डेक नव्हता; घरचा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसावे लागे. त्याला चार मोठे सेल लागत. ते उतरू लागले की फितीची गती मंदावे आणि विलंबिताचा अतिविलंबित होई. एकदा मी एका मिस्त्रीकडून थेट जीपच्या बॅटरीवरून वायर ओढून घेतली. यंत्र सहा व्होल्टचे, जीपची बॅटरी बारा व्होल्टची, आणि इंजिन चालू असताना तर वीज चौदापर्यंत चढते. मुरैन्याच्या अलीकडेच यंत्रातून धूर निघाला. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, “साहब, गाना तो जल गया।” मध्ये व्होल्टेज उतरवणारा भाग हवा, हे ज्ञान मला त्या दिवशी झाले.

नेमके हेच काम माझ्या खोक्यातला पहिला प्लग करतो. तो ज्या भोकात बसतो ते मुळात विड्या पेटवण्यासाठी केलेले. लायटरची तारेची गुंडाळी तापवण्यासाठी तेथे गाडीची वीज आणलेली असे. १९५० च्या दशकात मोटारी सहा व्होल्टवरून बारावर येऊ लागल्या. गाडीत आयती वीज मिळणारी ती एकच उघडी जागा, म्हणून लोकांनी तिच्यात नाना उपकरणे खुपसायला सुरुवात केली. पुढे लायटर गेला, भोक मात्र राहिले. ते या कामासाठी घडवलेले नसल्याने प्लग त्यात सैल बसतो आणि खड्ड्यात निसटतो, पण जगभर ते चालले.

दुसरी वस्तू बिनफितीची कॅसेट. १९७९ च्या जुलै महिन्यात सोनी कंपनीचा वॉकमन आला, १९८४ साली त्याच कंपनीचा खिशापेक्षा थोडा मोठा सीडी प्लेयर आला, आणि गाणे माणसाबरोबर फिरू लागले. गाडीतील डेकला मात्र कॅसेटच कळे. तेव्हा कोणा कल्पक माणसांनी कॅसेटच्या आकाराचे कवच केले. त्यात फितीऐवजी एक चुंबकीय हेड बसवले, त्याला वायर जोडली आणि ते कवच डेकच्या तोंडात दिले. डेकचे हेड समजे की समोर फीत आहे; प्रत्यक्षात त्याला नव्या यंत्रातला आवाज मिळे.

तिसरी वस्तू तो पाळणा. २००१ च्या ऑक्टोबरात अ‍ॅपल कंपनीचा आयपॉड निघाला आणि २००३ च्या नमुन्यात त्याला तीस पिनांचे तोंड मिळाले. या एका तोंडातून वीज आत जाई आणि आवाज बाहेर येई. त्यामुळे डॅशबोर्डावर पाळणा बसवला, त्यात आयपॉड उभा केला, की धरून ठेवणे, वीज देणे आणि आवाज नेणे ही तिन्ही कामे एकाच जागी होत. ज्यांच्या गाडीत कॅसेटचे तोंड नव्हते ते लहानसा एफएम प्रेषक घेत. तो मोकळ्या जागेवर गाणे सोडी आणि गाडीचा रेडिओ ते पकडी. रस्त्यात एखादे बलवान केंद्र त्याच जागेवर आले, की भूपात जाहिरात मिसळे. आणि वीज व आवाज यांच्या वायरींची परतीची वाट गाडीच्या पत्र्यातून एक झाली, की स्पीकरमधून बारीक शिटी येई व अ‍ॅक्सिलरेटर दाबताच ती वर चढे. तानपुऱ्याच्या जोडीला हा नको असलेला सूर ज्यांनी ऐकला आहे, त्यांना मधल्या विलगक डबीचे मोल कळेल. रबरी वाटीची गोष्ट तर काय सांगावी! ग्वाल्हेरच्या मे महिन्यात बंद गाडीत रबर मऊ पडे, आणि संध्याकाळी दार उघडावे तो यंत्रासह वाटी पायाशी.

असे असले तरी या वस्तूंचे मी एक मोठे ऋण मानतो. २००७ साली अमेरिकेतल्या भाच्याने दिलेला आयपॉड आणि ही बिनफितीची कॅसेट घेऊन आम्ही लग्नासाठी मोटारीने पुण्यास गेलो. शिवपुरी, गुणा, इंदूर, धुळे असा दोन दिवसांचा, बराचसा जुन्या आग्रा-मुंबई रस्त्याचाच प्रवास. घरात मुले हिंदी बोलत, शाळेत हिंदी-इंग्रजी. टीव्हीची खोली वेगळी, अभ्यासाची वेगळी. गाडीत मात्र सर्वांची एकच खोली होती आणि तीत नाट्यगीते, अभंग, कथाकथन चालू होते. “बाबा, ‘पांथस्थ’ म्हणजे काय?” असे प्रश्न धुळ्यापर्यंत येत राहिले. मुलांची मराठी जी काही टिकली, तिच्यात त्या प्रवासाचा वाटा आहे, असे मी आजही मानतो.

पुढची गती आपण पाहिलीच आहे. अमेरिकेत कारखान्यातूनच कॅसेट डेक घेऊन निघालेली शेवटची नवी मोटार २०१० च्या सुमाराची. २०१२ साली अ‍ॅपलने तीस पिनांचे तोंड बदलले आणि जगभरचे पाळणे एका दिवसात जुने झाले. मे २०२२ मध्ये आयपॉडचे उत्पादनच बंद झाले. आता गाणे फोनमध्ये आहे आणि आवाज ब्लूटूथने बिनवायरीचा जातो. धरून ठेवण्याचा प्रश्न तेवढा उरला आणि त्यात कायदाही आला: आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमाने गाडी चालवताना हातातील उपकरण केवळ मार्ग पाहण्यापुरतेच, तेही लक्ष विचलित न होता, वापरता येते. विजेच्या बाबतीत युरोपात २०२४ च्या डिसेंबरअखेरपासून नव्या फोनना यूएसबी-सी हे एकच तोंड सक्तीचे झाले. शंभर वर्षांच्या गोंधळानंतर निदान एक भोक तरी एकाच मापाचे ठरले.

या सगळ्यात नवे यंत्र नेहमी जुन्याच्या जागेत पाहुणे म्हणून शिरले, हे लक्षात येते. वीज विडीच्या भोकातून मिळाली, आवाज कॅसेटच्या तोंडातून गेला. मात्र जुने तोंड बंद झाले की जुना ठेवा मुका होतो, आणि हे मी किंमत मोजून शिकलो. २०१२ साली आमची जुनी मोटार विकली. डेकमध्ये एक कॅसेट राहून गेली होती. आईने १९८८ साली आमच्याच ओसरीवर म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या तिच्यात होत्या. चार दिवसांनी आठवण झाली. घेणाऱ्याने तोवर डेक काढून विकला होता. कॅसेट कोठे गेली ते त्यालाही सांगता येईना. तिची दुसरी प्रत आम्ही केली नव्हती.

आपल्या घरांत अशा किती कॅसेटी असतील! गणेशोत्सवातील कीर्तने, घरगुती बैठका, आजी-आजोबांची बोलणी. बाहेर कोठेही न मिळणारे हे ग्वाल्हेरचे मराठी आवाज. फितीवरचा चुंबकीय लेप वर्षागणिक सुटत जातो आणि चालू डेक दुर्मीळ होत चालले आहेत. घरात एखादा डेक अजून फिरत असेल, तर एका साध्या वायरीने तो संगणकाला जोडता येतो. नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटांत उतरते. प्रत दोन ठिकाणी ठेवावी.

खोके मी भंगारात दिले नाही. त्यातील एक वायर अशीच डेक-संगणकाची निघाली. गेल्या महिन्यापासून रोज दुपारी एक कॅसेट उतरवतो आहे. आजवर एकवीस झाल्या. सूनबाई आता कॅसेटींवरची नावे वाचून वहीत नोंद करतात; अक्षर लागत नसेल तर विचारतात.